जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी



गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या हॉलमध्ये बाहेर काढायच्या वस्तूंचा ढीग पडला होता. तुटक्या दांड्याची कढई, बिनजोडीचे डबे, मुलीची शाळेची दप्तरं आणि सगळ्यांत वर मामंजींचा लॅपटॉप. २०१४ साली घेतलेला. मामंजी गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून तो टीव्हीच्या कपाटात पडून होता. सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची आणि सुरू झाला की पंखा असा ओरडायचा की सासूबाई आतून विचारायच्या, "मिक्सर कुणी लावलाय?"

मी तो धायरी फाट्यावरच्या एका दुकानात नेला. त्या भाऊंनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाले, "ताई, यात आता दम नाही. एक्सचेंजमध्ये द्या, नव्यावर दोन हजार सोडतो." नवा किमान चाळीस हजारांचा. मुलगी अकरावीत गेली होती, तिला लॅपटॉप हवा होता आणि अहोंनी हप्त्यांचा हिशोबही मांडला होता.

तो लॅपटॉप आज माझ्यासमोर आहे. हा लेख मी त्याच्यावरच लिहिते आहे. चाळीस हजार खर्च झाले नाहीत, दोन पेनड्राइव्हचे हजारच्या आत झाले. पण पैसे वाचले एवढं सांगण्यासाठी मी लिहायला बसलेले नाही. जुनं यंत्र टाकायचं की ठेवायचं हा निर्णय घरातल्या बाईने स्वतः तपासून घ्यावा, आणि ती दुरुस्तीही शक्य तोवर स्वतःच्या हाताने करावी, असं माझं आता स्पष्ट मत झालं आहे. ते कसं झालं, त्यात मी काय काय चुकले, ते सांगते.

यंत्र म्हातारं झालं की भार वाढला?

आधी हा दुकानदार "दम नाही" का म्हणाला ते पाहू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला. याचा अर्थ लॅपटॉप त्या दिवशी बंद पडला असा नाही. त्याला सुरक्षेची नवी डागडुजी मिळणं थांबलं. घरगुती वापरासाठी नाव नोंदवलं तर १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची जादा मुदत मिळते, पुढे नाही. विंडोज ११ टाकावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. आमचा चौथ्या पिढीचा. म्हणजे पडदा स्वच्छ, कळफलक धड, हार्ड डिस्क चालू, आणि तरी यादीतून नाव कापलेलं.

माझा भाचा हिंजवडीला नोकरी करतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मामी, गाडीचं इंजिन ठीक आहे. वर सामान फार झालंय. लिनक्स टाकून बघ."

लिनक्स हे नाव आपल्याला परकं वाटतं, पण ते आपल्या घरात आधीच आहे. अँड्रॉइड मोबाइलच्या मुळाशी लिनक्सच असतं. पाषाणच्या आयसरमधला परम ब्रह्म हा महासंगणक लिनक्सवर चालतो, आणि जगातले सर्वांत वेगवान पाचशे महासंगणक २०१७ पासून सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत. १९९१ साली हेलसिंकीच्या विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने त्याचा गाभा लिहायला घेतला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही पाहावं, सुधारावं, वाटावं. त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आहेत. भाच्याने मला लिनक्स मिंट सांगितली. २००६ पासून ती निघते आहे आणि गंमत म्हणजे तिच्या प्रत्येक आवृत्तीला बाईचं नाव असतं. पहिली एडा, अलीकडच्या विल्मा, झिया, झारा. तिला किमान २ जीबी रॅम लागते, ४ असली तर बरं. आमच्याकडे ४ होती. २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत डागडुजी मिळणार आहे.

पहिली चूक, दुसरी चूक

आमच्याकडे संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी उरकतं. त्यामुळे सातनंतरचे दोन तास माझे असतात. पहिल्या संध्याकाळी मी सुमारे ३ जीबीची ती फाइल उतरवून घेतली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, लावली, लॅपटॉप सुरू केला. काहीच झालं नाही. विंडोजच उघडलं.

कणकेचा गोळा तव्यावर ठेवला म्हणून पोळी होत नाही, हे मला कळायला दुसरा दिवस लागला. ती फाइल नुसती कॉपी करायची नसते. रुफस किंवा तशाच छोट्या प्रोग्रॅमने ती पेनड्राइव्हवर लिहायची असते, तेव्हाच लॅपटॉप तिच्यावरून सुरू होतो. पण मला ते माहीत नव्हतं. म्हणून मी एका व्हिडिओत पाहून बायोसमध्ये शिरले. लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१० किंवा कंपनीने ठरवलेलं दुसरं बटण दाबलं की जे निळं-राखाडी पान येतं ते बायोस. तिथे "लेगसी सपोर्ट" नावाची गोष्ट चालू केली. फरक पडला नाही. मी ते तसंच सोडून दिलं. ही माझी दुसरी चूक, आणि ती मला शेवटी महागात पडली.

तिसऱ्या दिवशी रुफस वापरलं. त्याने ताकीद दिली की पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल. मी "ओके" दाबलं. आपण किती सहज ओके दाबतो!

यावेळी हिरवं चिन्ह आलं, मग मध्येच थांबलं. इंग्रजी ओळींची रांग आणि पुढे काही नाही. भाच्याने विचारलं, "फाइलची बेरीज तपासलीस का?" प्रत्येक फाइलबरोबर संकेतस्थळावर आकड्यांची आणि अक्षरांची एक लांब ओळ दिलेली असते. आपण उतरवलेल्या फाइलची तशी ओळ काढायची आणि दोन्ही जुळतात का ते पाहायचं. एक अक्षर जरी वेगळं निघालं तरी फाइल वाटेत बिघडली असं समजायचं. माझी जुळेना. फाइल उतरत असताना मध्ये वीज गेली होती आणि मी मोबाइलच्या नेटवर ती पुढे ढकलली होती. पुन्हा उतरवली, पुन्हा जुळवली, यावेळी शेवटपर्यंत तंतोतंत. दुकानातून धान्य आणल्यावर निवडल्याशिवाय आपण डब्यात भरत नाही. इथे मात्र मी सरळ डब्यात ओतलं होतं.

मग काळा पडदा आला. चित्राची चिप जुनी असली की असं होतं. सुरुवातीच्या यादीत "कम्पॅटिबिलिटी मोड" नावाची ओळ असते, ती निवडली आणि समोर मिंटचा डेस्कटॉप उघडला. अजून लॅपटॉपमध्ये काहीच गेलेलं नव्हतं. सगळं पेनड्राइव्हवरून चालू होतं. हे मला फार आवडलं. आवाज येतो का, पडदा नीट दिसतो का, माउस चालतो का, हे सगळं आधी बघायचं आणि पटलं तरच आत घ्यायचं.

एकच प्रत

आता मी ज्यासाठी हा लेख लिहिते आहे तिथे येते.

त्या लॅपटॉपमध्ये "घर" नावाचं एक फोल्डर होतं. निवृत्तीनंतर मामंजींनी टायपिंग शिकून घेतलं होतं. दुपारी सासूबाई सांगायच्या आणि ते टाइप करायचे. वर्षाच्या मसाल्याचं प्रमाण, चातुर्मासात चालणाऱ्या भाज्या, कंदमुळं नसलेली भाजी रसदार कशी करायची, कुठल्या पिठाची मर्यादा किती दिवस, पापडाच्या लाट्या, आंब्याच्या पोळ्या. सत्तरेक पानं. मध्येच मामंजींनी कंसात स्वतःची शेरेबाजी केलेली. सासूबाईंची नजर आता अधू झाली आहे, हातही थरथरतात. ते पुन्हा कुणी लिहिणार नव्हतं.

हे फोल्डर मी सगळ्यांत आधी पेनड्राइव्हवर कॉपी केलं होतं. शहाणपणाने. आणि मग त्याच पेनड्राइव्हवर रुफस चालवून "सगळं पुसलं जाईल" ला ओके म्हटलं होतं.

मला ते कधी आठवलं? मिंट लॅपटॉपमध्ये बसवायची खिडकी उघडली होती तेव्हा. भाच्याने सांगितलं होतं की "विंडोजच्या शेजारी बसवा" असा पर्याय येईल, तो घे. तो पर्याय आलाच नाही. "डिस्क पुसून बसवा" आणि "दुसरं काही" असे दोनच होते. पहिल्यावर आधीच खूण होती. रात्रीचे पावणेनऊ झाले होते, कंटाळा आला होता. मनात म्हटलं, पुसू दे विंडोज, आपल्याकडे कॉपी आहे. आणि बटणावर बोट असताना नजर पेनड्राइव्हवर गेली. कॉपी कशावर आहे? याच पेनड्राइव्हवर होती. होती.

त्या घटकेला सासूबाईंच्या सत्तर पानांची जगात एकच प्रत होती आणि ती पुसायच्या बटणावर माझं बोट होतं.

मी लॅपटॉप बंद केला. हात गार पडले होते. दुसऱ्या दिवशी नवा पेनड्राइव्ह आणला, विंडोज उघडून फोल्डर त्यावर घेतलं, शिवाय मुलीच्या मोबाइलमध्येही घेतलं. दोन्हीकडून एकेक फाइल उघडून पाहिली. मग पुढचं काम. मैत्रिणींनो, या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा. यंत्राला हात लावण्याआधी त्यातलं जपायचं ते दोन वेगळ्या जागी ठेवा आणि उघडून पाहा. दुकानात दुरुस्तीला देतानाही. दुकानदार विचारत नाही, तो पुसून देतो. त्याच्या दृष्टीने ते कामच आहे.

बंद केलं होतं की झोपवलं होतं?

"शेजारी बसवा" हा पर्याय का आला नाही, याचं कारणही शिकण्यासारखं आहे. विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून त्यात "फास्ट स्टार्टअप" नावाची सोय असते. आपण शटडाउन करतो तेव्हा ते पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं, आणि हार्ड डिस्कवरचा आपला भाग अडवून ठेवतं. मिंटला वाटतं, इथे कुणीतरी बसलंय, हात लावायला नको. नियंत्रण कक्षात जाऊन वीजेच्या पर्यायांत ती सोय बंद केली, लॅपटॉप नीट बंद केला, पुन्हा सुरू केला. पर्याय आला.

बसवणं सुरू झालं. पट्टी पुढे सरकत होती. मुलगी शेजारी येऊन बसली. नव्वद टक्क्यांच्या पुढे गेल्यावर पडद्यावर लाल चौकट आली. ग्रब बसवता आलं नाही, ही "फेटल एरर" आहे.

ग्रब म्हणजे दारावरचा राखणदार. लॅपटॉप सुरू झाला की विंडोजकडे जायचं की मिंटकडे, हे तो विचारतो. घर बांधून झालं आणि दार बसेना, अशी गत. अहो म्हणाले, "बास झालं आता. दुकानात देऊन टाक." रागाने नाही, माझी दमछाक पाहून म्हणाले. मीही जवळजवळ हो म्हटलं होतं.

भाच्याने फोनवर एकच प्रश्न विचारला. "मामी, तू आतापर्यंत काय काय बदललंस, ते लिहून ठेवलंयस का?"

लिहिलं होतं. दुधाच्या हिशोबाच्या वहीच्या मागच्या पानांवर, सवय म्हणून. मी वाचत गेले. पेनड्राइव्ह कॉपी, चाललं नाही. बायोसमध्ये लेगसी चालू केलं, चाललं नाही. "थांब," तो म्हणाला. "ते परत बंद केलंस का?"

नव्हतं केलं. पहिल्या दिवशीच्या चुकीवर मी भलताच उपाय केला होता. तो उपाय लागू पडला नाही तरी मागे घेतला नव्हता. गोष्ट अशी होती. लॅपटॉप सुरू होण्याच्या दोन पद्धती असतात, जुनी लेगसी आणि नवी यूईएफआय. आमचं विंडोज नव्या पद्धतीने बसलेलं होतं. मी लेगसी चालू ठेवल्यामुळे पेनड्राइव्ह मात्र जुन्या पद्धतीने सुरू होत होता. दोघांचं दार वेगवेगळ्या भिंतीत. ग्रबला जागा मिळणार कुठून?

लेगसी बंद केलं. सुरू होतानाच्या यादीत पेनड्राइव्हच्या नावापुढे "यूईएफआय" लिहिलेली ओळ निवडली. त्याच जागेवर पुन्हा बसवलं. चाळीस मिनिटांनी लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि राखणदाराने विचारलं, मिंट की विंडोज? मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, लिहून ठेवायची, फरक पडला नाही तर ती पूर्ववत करूनच पुढची बदलायची. आमटी बिघडली तर आपण मीठ, चिंच, गूळ एकदम टाकत नाही. एक टाकतो, चाखतो. हे आपल्या हातात आधीपासून आहे. यंत्रासमोर बसलं की आपण ते विसरतो आणि दिसेल ते बटण दाबत सुटतो.

उरलेलं थोडं

वायफाय चालेना. वायफायची चिप बनवणाऱ्यांनी तिचा ड्रायव्हर खुला ठेवलेला नव्हता, तो इंटरनेटवरून घ्यावा लागतो, आणि इंटरनेट तर वायफायशिवाय नाही! उपाय सोपा निघाला. मोबाइल चार्जिंगच्या वायरने लॅपटॉपला जोडला, मोबाइलमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केलं, नेट आलं. मिंटमधल्या "ड्रायव्हर मॅनेजर"ने चिप ओळखली आणि ड्रायव्हर बसवला.

मराठीची मला भीती होती, ती खोटी ठरली. देवनागरी सुरुवातीपासून नीट दिसत होती. यामागे पुण्याचेही हात आहेत. लोहित नावाचा देवनागरी फॉन्ट रेड हॅट कंपनीने सगळ्यांसाठी खुला केला आणि तिच्या पुण्यातल्या अभियंत्यांनी तो वर्षानुवर्षं सांभाळला. इनस्क्रिप्ट कळफलक निवडला की टाइप करता येतं. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आठवड्यात बोटं बसतात. मॉडेल कॉलनीत सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत जीएनयूनिफाय नावाचा या खुल्या प्रणालींचा मेळावा भरायचा. आपल्या शहरात हे सगळं चालू होतं आणि आपल्या स्वयंपाकघरापर्यंत त्याची बातमी आली नाही.

मामंजींच्या फाइल्स मात्र उघडल्या तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्यांनी युनिकोडच्या आधीच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलं होतं. त्यात अक्षरं आतून इंग्रजीच असतात, फॉन्टमुळे मराठी दिसतात. फॉन्ट नाही तर मराठी नाही. भाच्याने रूपांतर करणारा एक मोफत प्रोग्रॅम शोधून दिला. ऐंशी टक्के नीट आलं, जोडाक्षरं तुटली. ती आम्ही दोघींनी दुरुस्त केली. मी वाचायची, सासूबाई ऐकून सांगायच्या, "अगं, तिथे 'धणे' नाही, 'दगडफूल' असेल." अडखळत महिनाभर चाललं. आता ती पानं पुढची पन्नास वर्षं कुठल्याही यंत्रावर वाचता येतील अशी आहेत. तो लॅपटॉप दोन हजारांना गेला असता तर हे काम कधी निघालंच नसतं.

मग माझं मत

आपल्यापैकी कितीतरी जणींनी एमएस-सीआयटी केलंय. प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे. पण घरात संगणक आला की माउस गेला अहोंच्या नाहीतर मुलांच्या हातात. बिघडला तर "त्याला विचार", "दुकानात दे". आपल्याला बटणं कुठे आहेत ते शिकवलं गेलं, यंत्र सुरू कसं होतं ते कुणी सांगितलं नाही. म्हणून "दम नाही" म्हटलं की आपण मान डोलावतो. तो दुकानदार खोटं बोलत होता असं मी म्हणणार नाही. त्याला नवा विकायचा होता आणि मला प्रश्न विचारता येत नव्हता, एवढंच.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं एका मैत्रिणीने मला तोंडावर विचारलं. बरोबर आहे. माझ्या सहा संध्याकाळी गेल्या आणि त्यातल्या निम्म्या माझ्याच चुकांमुळे गेल्या. दुसऱ्यांदा, म्हणजे जाऊबाईंच्या लॅपटॉपला, दोन तास लागले. आणि सगळ्यांनी करावं असंही मी म्हणत नाही. ज्या लॅपटॉपवर दुकानाचा हिशोब चालतो आणि ते सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनलेलं आहे, त्याला हात लावू नका. मुलांच्या परीक्षेचा किंवा ऑफिसचा प्रोग्रॅम विंडोजच मागत असेल तर तेही आधी पाहा. बॅटरी फुगली असेल तर यंत्र चालवूच नका. पण जो लॅपटॉप कपाटात पडून आहे, ज्यावर फक्त पत्रं लिहायची, पीडीएफ वाचायच्या, व्हिडिओ बघायचे, मुलांचा अभ्यास करायचा, त्याला एक संधी द्यायला काय जातं? त्यासाठी लागणारं लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स मिंटबरोबर आधीच येतं.

आणखी एक बोलते. आपण पाणी गाळून पितो. धान्यातला किडा अलगद बाहेर सोडतो. पण चालू असलेलं यंत्र भंगारात देताना ते पुढे कुठे जाईल असं विचारत नाही. त्यात शिसं असतं, लिथियमची बॅटरी असते. भंगार चुकीच्या हातात गेलं तर तांब्यासाठी तारा जाळल्या जातात आणि तो धूर कुणीतरी श्वासात घेतं. नवा लॅपटॉप बनवताना खाणीपासून कारखान्यापर्यंत जे होतं, त्याच्या मानाने घरी वापरताना लागणारी वीज थोडी. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत, खरंच निकामी झालेलं यंत्र नोंदणीकृत ठिकाणीच द्यायला हवं. पुण्यात कचरावेचकांची "स्वच्छ" ही सहकारी संस्थाही ते गोळा करते. पण निकामी झालंय का, हे आधी तपासणं आपलं काम. अपरिग्रह म्हणजे वस्तू घराबाहेर काढणं एवढंच नाही, नवी आत आणायच्या आधी थांबणंही त्यात आलं.

आणि ज्यांनी हे सगळं लिहून जगाला मोकळं करून दिलं, त्यांचं मला नवल वाटतं. आपल्याकडे चार दानांत ज्ञानदान सांगितलंय. दूरदेशीच्या अनोळखी माणसांनी रात्री जागून लिहिलेलं काम धायरीतल्या एका स्वयंपाकघरात येऊन पोचतं आणि त्यावर आमच्या सासूबाईंचा मसाला वाचला जातो. त्यांना दान हा शब्द ठाऊक असो वा नसो.

मुलगी त्याच लॅपटॉपवर अभ्यास करते. पंखा अजून थोडा ओरडतो. पण सुरू व्हायला दहा मिनिटं लागायची तिथे आता दीड मिनिट लागतो. अहो परवा म्हणाले, "दुकानातला जुना संगणकही बघ ना जरा." मी म्हटलं, आधी त्यातल्या फाइल्स दोन ठिकाणी ठेवा, मग बोला.

तुमच्या कपाटात असा एखादा पडून असेल तर या रविवारी बाहेर काढा. पुसून, चार्जिंगला लावून, वही-पेन घेऊन बसा. आणि ओके दाबण्याआधी एकदा वाचा.

जय जिनेंद्र.